वकिलीच्या नोकरीच्या अर्जात ब्लॉगचा दुवा द्यायचाय? मग ब्लॉग कुठे असावा : पाच सेवांची पारख

सीव्ही वाचणाऱ्याकडे वेळ कमी असतो. सिनियर कोर्टातून चेंबरला परतलेले असतात, उद्याचं बोर्ड (सुनावण्यांची यादी) बघायचं असतं आणि मधल्या दहा मिनिटांत त्यांना चार अर्ज चाळायचे असतात. अशा वेळी सीव्हीत ब्लॉगची ओळ दिसली आणि त्यांनी मोबाइलवर दुव्याला बोट लावलं, तर पुढच्या अर्ध्या मिनिटात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर एखाद्या निकालावरचा नेटका लेख समोर येतो आणि ते वाचू लागतात. नाहीतर ईमेल मागणारी चौकट, कर्जाची जाहिरात किंवा लॉगिनचं पान उघडतं आणि ते परत फिरतात. दुसऱ्या वेळी लेखकाचा कायदा कच्चा असतोच असं नाही. बऱ्याचदा सेवा चुकीची निवडलेली असते, किंवा बरोबर सेवेतली दोन-तीन बटणं दाबायची राहिलेली असतात.

म्हणून ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, सबस्टॅक, मीडियम आणि लिंक्डइन या पाच सेवा इथे फक्त एका कामासाठी तपासल्या आहेत : कायद्याच्या नोकरीच्या अर्जात दाखवायचा ब्लॉग. वाचक किती मिळतात, पैसे किती सुटतात, हा इथे प्रश्न नाही. लॉगिन न करता फोनवर पूर्ण लेख दिसतो का, तळटिपा नीट चालतात का, पत्ता कागदावर छापता येण्याइतका छोटा आहे का, आणि पानावर असं काही येतं का ज्याने सनद घेतल्यावर अडचण होईल, एवढंच पाहिलं आहे.

सुरुवात ब्लॉगरपासून, कारण कॉलेजात असताना बहुतेकांचा पहिला ब्लॉग तिथेच निघतो. ही सेवा 1999 सालची. 2003 मध्ये गूगलने ती घेतली. आजही ती पूर्ण फुकट आहे, जाहिराती तुम्ही स्वतः लावल्याशिवाय येत नाहीत आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायलाही सेवा पैसे मागत नाही. खर्च फक्त डोमेनचा. आपल्या कामासाठी हे मोठे गुण आहेत. लेख लॉगिनशिवाय उघडतो, पूर्ण दिसतो, मध्ये कुठलीही चौकट येत नाही.

अडचण तळटिपांपासून सुरू होते. कायद्याचा लेख वर्डमध्ये लिहिला जातो, तिथे तळटिपा आपोआप होतात, आणि मग सगळा मजकूर उचलून ब्लॉगरच्या खिडकीत चिकटवला जातो. दिसायला सगळं ठीक दिसतं. पण तळटिपेच्या आकड्यामागचा दुवा लेखाच्या तळाशी नेण्याऐवजी संपादनाच्या पानाकडे नेऊ लागतो. तुम्ही स्वतः तपासता तेव्हा लॉगिन केलेलं असतं, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. परक्या माणसाने आकड्यावर बोट ठेवलं की त्याला गूगलचं लॉगिनचं पान दिसतं. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा : लेख एचटीएमएल दृश्यात उघडा, प्रत्येक तळटिपेच्या दुव्यात हॅश चिन्हाच्या आधीचा सगळा पत्ता खोडा आणि हॅशपासूनचा भाग तेवढा ठेवा. खालच्या टिपेवरून वर परत आणणारा दुवाही तसाच दुरुस्त करा. वीस तळटिपा असतील तर चाळीस दुरुस्त्या होतात. एवढं करायचं नसेल तर साध्या मजकुराच्या रूपात चिकटवा आणि उद्धरणं लेखातच कंसात द्या. मोडक्या तळटिपांपेक्षा ते शंभर पटीने बरं.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची. ब्लॉगरमध्ये शीर्षक मराठीत दिलं की लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनत नाही. वर्ष, महिना आणि त्यापुढे 'ब्लॉग-पोस्ट' असा नुसता शब्द येतो, दुसऱ्या लेखाला त्यालाच आकडा जोडला जातो. सीव्हीत असे दोन दुवे शेजारी शेजारी ठेवले तर कुठला लेख कशावर आहे हे कळायला मार्ग नाही. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) उघडा, कस्टम निवडा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द स्वतः टाका. एकदा लेख प्रसिद्ध झाला की ती खिडकी बंद होते. मग लेख परत मसुद्यात न्यावा लागतो आणि जुना दुवा कुणाला पाठवला असेल तर तो तुटतो. त्यामुळे हे आधीच करायचं.

डोमेन जोडताना एक चूक हमखास होते. ब्लॉगर दोन सीनेम नोंदी (डोमेन ब्लॉगरला जोडणाऱ्या ओळी) देतं. त्या डोमेनच्या विक्रेत्याकडे भरल्या की 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेला पत्ता चालू होतो आणि काम झालं असं वाटतं. पण नुसत्या पत्त्यासाठी, म्हणजे पुढे काही न लावता टाइप करणाऱ्यासाठी, चार ए नोंदी (सर्व्हरचे आकडी पत्ते) वेगळ्या भराव्या लागतात : 216.239.32.21, 216.239.34.21, 216.239.36.21 आणि 216.239.38.21. त्यानंतर ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये डोमेन रीडायरेक्ट चालू करायचं आणि एचटीटीपीएसचे दोन्ही पर्याय लावायचे. ए नोंदी राहिल्या तर संगणकावर दुवा दाबणाऱ्याला फरक पडत नाही. पण छापील सीव्ही हातात घेऊन पत्ता टाइप करणारे सिनियर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावत नाहीत, आणि त्यांना पान सापडत नाही असा निरोप मिळतो. एचटीटीपीएस राहिलं तर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असं लिहितो. गोपनीयतेवर चालणाऱ्या व्यवसायात ते दिसणं चांगलं नाही.

ब्लॉगरचं आणखी एक दुखणं आपल्या हातात नाही. कंपन्यांच्या कार्यालयीन नेटवर्कवर 'वैयक्तिक ब्लॉग' हा गट अनेकदा सरसकट बंद असतो आणि ब्लॉगस्पॉटचा फुकट पत्ता त्यात अडकतो. स्वतःचं डोमेन असेल तर निसटण्याची शक्यता वाढते, खात्री नसते. इन-हाऊस लीगल विभागात अर्ज करताना निवडलेला लेख पीडीएफ करून सोबत जोडा, कुठल्याही सेवेवर ब्लॉग असला तरी.

वर्डप्रेस डॉट कॉम या कामासाठी सगळ्यांत उजवं आहे, आणि त्याचं मुख्य कारण तळटिपा. 2023 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 6.3 या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये तळटिपांचा स्वतंत्र ब्लॉक आहे. वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवायचा, वरच्या पट्टीतल्या बाणातून 'फुटनोट' निवडायचं. आकडा आपोआप पडतो, तळाशी टीप तयार होते, परत वर आणणारा बाणही येतो. मध्येच एक टीप घातली की पुढचे आकडे सरकतात. वर्डमधून चिकटवलेल्या टिपा मात्र या व्यवस्थेत आपोआप बसत नाहीत; त्या एकेक करून टाकाव्या लागतात. लांब लेखाला त्यात तास जातो, आणि तो तास सत्कारणी लागतो.

मराठी शीर्षकाचा घोळ इथे उलट्या बाजूने होतो. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरीतच पत्ता बनवतं. ब्राउझरच्या पट्टीत तो सुंदर दिसतो. पण कॉपी करून वर्डमध्ये टाकला की प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्क्याची खूण आणि रोमन अक्षर-आकड्यांच्या तीन जोड्या येतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडणारी खूण हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'मालमत्ता-हस्तांतरण' एवढ्या दोन शब्दांत सतरा चिन्हं आणि एक जोडरेघ आहे. तिचा पत्ता होतो 154 अक्षरांचा. लेखाच्या नावासाठी जागा एकूण 200 अक्षरांची, म्हणून बाविसाव्या-तेविसाव्या चिन्हाशी नाव तोडलं जातं, बहुधा शब्दाच्या मधोमध. सीव्हीच्या पानावर हा पत्ता दोन ओळी खातो आणि कुणालाही टाइप करता येत नाही. लेखाच्या सेटिंगमध्ये स्लग (पत्त्यातलं लेखाचं नाव) म्हणून जागा असते, तिथे रोमन लिपीत छोटं नाव द्या. लेखाचं शीर्षक मराठीतच राहतं.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत जाहिराती येतात, आणि त्या काय असतील हे तुमच्या हातात नसतं. भाडेकरूला बाहेर काढण्याच्या कायद्यावरचा लेख, आणि त्याखाली 'झटपट कायदेशीर नोटीस' असलं काहीतरी. वाचणाऱ्याला ती जाहिरात तुम्हीच लावली असं वाटू शकतं. म्हणून वर्डप्रेसवर जायचं तर सगळ्यांत लहान सशुल्क योजना तरी घ्यावी. जाहिराती जातात आणि स्वतःचं डोमेन लावता येतं. तेवढा खर्च झेपत नसेल तर ब्लॉगर आणि वेगळं घेतलेलं डोमेन हाच पर्याय चांगला. फुकट वर्डप्रेसपेक्षा तो नक्की वरचा.

सबस्टॅक 2017 ची सेवा. तळटिपा तिथेही आहेत, त्या चांगल्या चालतात, पान स्वच्छ असतं. फुकट लिहायला काही पडत नाही, सशुल्क वर्गणी ठेवली तर सेवा दहा टक्के कापून घेते, आणि स्वतःचं डोमेन जोडायला एकदाच 50 डॉलर लागतात. खटकते ती ईमेल मागणारी चौकट. दुव्याने ब्लॉगचं मुख्य पान उघडलं की आधी वर्गणीदार होण्याचं आमंत्रण येतं, आणि 'आधी वाचू द्या' असा छोटा दुवा शोधावा लागतो. सीव्हीत सबस्टॅकच्या मुख्य पानाचा पत्ता देऊ नका, थेट लेखाचा द्या; त्रास बराच कमी होतो. सेबीच्या परिपत्रकांवर किंवा स्पर्धा आयोगाच्या आदेशांवर दर पंधरवड्याला टिपण लिहिणाऱ्याला सबस्टॅक शोभतं, कारण नियमितपणा हाच तिथे गुण दिसतो. वर्षाला चार लेख लिहिणाऱ्याचं सबस्टॅक मात्र बंद पडलेल्या मासिकासारखं दिसतं.

मीडियम आणि लिंक्डइन या कामाला नकोत. मीडियमवर लेख सदस्यांपुरता ठेवला गेला असेल तर परक्याला पहिले परिच्छेद दिसतात आणि पुढे सदस्य होण्याची विनंती. त्यातून सुटायला 'फ्रेंड लिंक' नावाचा वेगळा दुवा काढून द्यावा लागतो, आणि बहुतेक जण तो काढायला विसरतात. तळटिपा नाहीत, तक्ते टाकता येत नाहीत. जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता चित्र म्हणून चिकटवावा लागतो आणि तो फोनवर वाचता येत नाही. स्वतःचं डोमेन हवं तर सदस्यत्वाचे पैसे भरावे लागतात. लिंक्डइनवर लॉगिन नसलेल्याला साइन-इनची चौकट आडवी येते. नवा लेख आला हे कळवायला लिंक्डइन चांगलं, लेखाचं घर म्हणून नाही.

सेवा ठरली की पुढचं काम त्या सेवेतल्या सोयी बंद करण्याचं, आणि इथे वकिलाचा ब्लॉग इतरांपेक्षा वेगळा पडतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतो. ज्या प्रकरणात काम केलं त्यासंदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणंही त्यात येतं. 2008 च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर ठरावीक माहिती देता येते : नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, राज्य बार कौन्सिल, शिक्षण, कामाचं क्षेत्र, तीही बार कौन्सिलला कळवून. विद्यार्थ्याला सनद नसते, म्हणून नियम त्याला अजून लागू नाही. पण ब्लॉग सनद मिळाल्यावरही तिथेच असतो, आणि अर्ज वाचणाऱ्या फर्मला हा मुलगा किंवा ही मुलगी उद्या आपल्या नावाने काय करेल हे त्या पानावरून दिसतं. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांच्या सेवा विकण्याविरुद्ध कडक निकाल दिला, त्यानंतर तर फर्म या बाबतीत जास्तच जागरूक आहेत.

म्हणून तयार थीमसोबत आलेलं 'मोफत सल्ल्यासाठी संपर्क करा' हे बटण काढा. व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं चिन्ह काढा. 'आमच्या सेवा' नावाचं पान थीमने स्वतःहून बनवलेलं असतं, ते खोडा. 'माझ्याविषयी' पानावर शिक्षण, इंटर्नशिप कुठल्या प्रकारच्या कामात झाली आणि लेखनाचा विषय एवढं पुरतं.

प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात, हे आमचं ठाम मत आहे. कायद्याच्या मराठी ब्लॉगवर प्रतिक्रिया म्हणजे चर्चा क्वचित. बहुतेक वेळा 'आमच्या वडिलोपार्जित जमिनीत चुलत्याने सातबाऱ्यावरून नाव काढलं, काय करावं' असे प्रश्न येतात. उत्तर दिलं तर कागद न बघता दिलेला सल्ला, न दिलं तर पान उघडणाऱ्याला पन्नास अनुत्तरित प्रश्न दिसतात. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या कमेंट विभागात जागा 'हाइड' करायची; जुन्या प्रतिक्रियाही त्याने दिसेनाशा होतात. वर्डप्रेसमध्ये चर्चेच्या सेटिंगमधली खूण काढली तरी ती नव्या लेखांपुरतीच असते. जुने लेख यादीतून एकत्र निवडून, एकगठ्ठा संपादनात प्रतिक्रिया बंद कराव्या लागतात. हे न कळल्यामुळे वर्षापूर्वीच्या लेखाखाली जाहिरातबाजांचा कचरा साठत राहतो.

आता मजकूर. पहिल्यांदा गोपनीयता, कारण तिथली चूक माफ होत नाही. इंटर्नशिपमध्ये ज्या मॅटरवर काम केलं त्यावर लिहू नका, निकाल जाहीर झाल्यावरही नाही, नावं बदलूनही नाही. वकील-पक्षकार संवादाचं संरक्षण पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे, आणि ते वकिलाच्या लेखनिकांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. सीव्हीत त्या फर्ममधली इंटर्नशिप आणि ब्लॉगवर त्याच काळातल्या त्याच फर्मच्या प्रकरणाचं 'आतून' विश्लेषण, हे दोन्ही एका नजरेत दिसलं की मुलाखतीचं बोलावणं येत नाही.

लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख कळेल असा तपशील, मग नाव नसलं तरी गाव, शाळा किंवा नातं, लिहिणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 आणि पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम 23 खाली गुन्हा आहे. जुन्या निकालांच्या प्रतींमध्ये कधी कधी नावं राहून गेलेली असतात. तिथून उचललं हा बचाव नाही. न्यायालयावर टीका करायला हरकत नसते. न्यायालय अवमान अधिनियम 1971 च्या कलम 5 मध्ये न्यायिक कृतीवरच्या रास्त टीकेला जागा आहे. निकालातला तर्क खोडा, न्यायाधीशांच्या हेतूवर जाऊ नका. ज्या चेंबरला त्याच न्यायाधीशांसमोर रोज उभं राहायचं असतं, ते हा फरक फार बारकाईने बघतात.

उद्धरणांचंही तसंच. निकालाचा मूळ मजकूर उद्धृत करायला प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. पण खासगी प्रकाशनांनी तयार केलेल्या हेडनोट्स (निकालाच्या वर छापलेला सारांश) उचलू नका. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपादकीय भरीला, म्हणजे परिच्छेदांची विभागणी आणि त्यांना दिलेले क्रमांक यांनाही, संरक्षण दिलं आहे. अनुभवी वकिलाला हेडनोटची भाषा पहिल्या ओळीत ओळखू येते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर 2023 पासून फुकट आहेत. तिथली प्रत घ्या आणि न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक, लिहा. निवडणूक रोख्यांचा निकाल 2024 आयएनएससी 113 असा लिहिला की तो कुणालाही सापडतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात बीएचसी या अक्षरांपुढे शाखा येते : एएस म्हणजे अपील शाखा, ओएस म्हणजे मूळ शाखा, त्याशिवाय नागपूर, औरंगाबाद आणि गोवा यांच्या खुणा. शोधयंत्रातून मिळालेला पीडीएफचा दुवा लेखात देऊन भागत नाही, तो टिकत नाही, क्रमांक टिकतो.

जुन्या लेखांत सध्या सर्वांत मोठा धोका 1 जुलै 2024 या तारखेचा आहे. त्या दिवसापासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, आणि त्याआधीच्या ब्लॉगांवरची कलमं जुन्या क्रमांकांनी उभी आहेत. बहुतेक ठिकाणी फक्त क्रमांक जुना दिसतो. फसवणुकीचं दंड संहितेतलं 420, त्याच्या जागी आता न्याय संहितेचं 318(4), एवढंच. पण एक क्रमांक सापळाच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला वापरतात ते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे अधिकार कलम 528 मध्ये गेले, आणि 482 या क्रमांकावर आला अटकपूर्व जामीन, जो आधी 438 मध्ये होता. 'कलम 482 खाली एफआयआर रद्द' असं शीर्षक असलेला 2022 चा लेख आज उघडला तर लेखकाला नवा कायदा माहीत नाही असंच वाटतं. लेख पुन्हा लिहायची गरज नाही. वर दोन ओळींची टीप घाला, तारखेसह : लेख कुठल्या कायद्यान्वये लिहिला, नवी कलमं कोणती. ही टीप असलेला जुना लेख उलट जमेचा ठरतो, कारण लेखक आपलं काम सांभाळतो हे त्यातून दिसतं.

मग सीव्हीत काय लिहायचं? 'ब्लॉगर' किंवा 'कायदा या विषयावर लेखन' अशी मोघम ओळ नको. नावाखालच्या फोन-ईमेलच्या ओळीतही दुवा नको. प्रकाशनं किंवा लेखन या शीर्षकाखाली एक नोंद, साधारण अशी : 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 या विषयावरील ब्लॉग, 2023 पासून, 9 लेख. निवडक : कलम 16 मधील वाजवी व प्रामाणिक गरज, कलम 55 आणि नोंदणी नसलेला भाडेकरार.' दोन लेखांना दोन दुवे, तिसरा नको. लिहिणं थांबलं असेल तर '2021 ते 2023' असं स्वच्छ लिहा. चालू म्हणून दाखवलेला आणि दोन वर्षं बंद असलेला ब्लॉग जास्त खटकतो. कव्हर लेटरमध्ये एकच वाक्य, आणि ते समोरच्याच्या कामाशी जोडलेलं. लघुवाद न्यायालयात घरमालक-भाडेकरू दावे चालवणाऱ्या चेंबरला कलम 55 वरचा लेख सोबत जोडला आहे एवढं सांगितलं तरी पुरे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते आणि ती न पाळल्याचा पुराव्यावर काय परिणाम होतो, हे मुलाखतीत विचारणारच, म्हणून तो लेख आदल्या रात्री पुन्हा वाचून जा.

ब्लॉगला वजन कुठे किती मिळतं, हे आधी कळलेलं बरं. मोठ्या लॉ फर्ममध्ये पहिली चाळणी गुण आणि इंटर्नशिपची असते; ब्लॉग तिथे दार उघडत नाही, मुलाखतीत बोलायला विषय देतो. धोरण-संशोधन संस्था, अध्यापन आणि न्यायमूर्तींकडची लॉ क्लार्कची कामं यांत लेखन हेच काम असल्यामुळे चांगला लेख खरोखर मोजला जातो. चेंबरमध्ये सिनियर तुमच्या वाक्यात ड्राफ्टिंग शोधतात : तारखांचा क्रम, मुद्द्यांची मांडणी, कमी विशेषणं. स्पायसीआयपी किंवा इंडियाकॉर्पलॉ यांसारख्या कायद्याच्या संपादित ब्लॉगांवर एक पाहुणा लेख असेल तर तो स्वतःच्या ब्लॉगवरच्या पाच लेखांच्या वर लिहा, कारण तो दुसऱ्या कुणीतरी तपासलेला असतो.

मराठीत लिहिलेला ब्लॉग मुंबईच्या फर्मला दाखवावा का, अशी शंका अनेकांना असते. दाखवावा. 1998 च्या अधिसूचनेपासून राज्यातल्या अधीनस्थ न्यायालयांची भाषा मराठी आहे. कैफियत, पुरावा, सातबारा, फेरफार सगळं मराठीत येतं, आणि ते वाचून नेमक्या इंग्रजीत मांडणारा ज्युनिअर मोठ्या फर्मच्या जमीन व्यवहारांच्या कामातही हवा असतो. लेखाच्या सुरुवातीला तीन ओळींचा इंग्रजी सारांश द्या, म्हणजे मराठी न वाचणाऱ्या भागीदारालाही विषय कळतो.

पीडीएफ बनवताना 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' वापरू नका. त्यात दुवे मरतात, निळी अक्षरं राहतात आणि बोट लावून काही होत नाही. वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ निवडा, किंवा गूगल डॉक्समधून डाउनलोड करा. मग ती फाइल स्वतःलाच पाठवा, फोनवर उघडा, दुवा दाबून धरा आणि खासगी टॅबमध्ये उघडा. तिथे लॉगिन नसतं, म्हणून समोरच्याला दिसणार तेच तुम्हाला दिसतं. तळटिपेचा एक आकडाही दाबून बघा. काढून टाकलेला जुना लेख गूगलच्या शोधात अजून येत असेल तर सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनातून तो लपवण्याची विनंती करता येते. ती साधारण सहा महिने टिकते, तोवर मूळ पान खरोखर काढलेलं हवं.

आणि डोमेनची तारीख वहीत लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाल्यावर परदेशी विक्रेत्यांकडचं आपोआप नूतनीकरण आपल्या कार्डांवर अनेकदा अडतं, सूचनेचा मेल नको त्या फोल्डरमध्ये जातो आणि डोमेन सुटतं. सुटलेली डोमेनं लगेच उचलली जातात आणि त्यांवर जुगाराची पानं लागतात. तुमचा सीव्ही मात्र तोवर दहा कार्यालयांच्या फायलींत त्याच पत्त्यासह पडलेला असतो. मुदत अर्जांच्या हंगामात संपत असेल तर आत्ताच दोन वर्षांचे पैसे भरा, आणि नोंदणीला कॉलेजचा ईमेल दिला असेल तर तो बदला. पदवीनंतर तो ईमेल बंद होतो, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्यावरच येत असतात.